बस्ता, बडेजाव आणि आपलं नाव

 

आज आम्ही तीन गोष्टींबद्दल बोलणार आहोत. एक बढाई, दुसरी नम्रपणा आणि तिसरी अभिमान. लहानपणापासून आपल्याला शिकवलं गेलं की बढाई वाईट आणि नम्रपणा चांगला. अभिमानाचं काय करायचं, हे मात्र कोणी नीट सांगितलं नाही. त्यामुळे आपल्या हातून एक उलटी गोष्ट घडते. जिथं गप्प राहायचं तिथं आपण मोठं बोलतो, आणि जिथं ठणकावून सांगायचं तिथं मान खाली घालतो. या दोन्ही सवयींची किंमत आपण पैशात मोजतो. ती कशी, तेच आज बघू.

आम्ही बोलतोय नागपूरच्या गांधीबागेतून. तुमच्यातल्या अर्ध्याअधिक जणी इथं कधी ना कधी येऊन गेल्या असतील. इथला कापडाचा बाजार मोठा. एका बाजूला इतवारी, दुसऱ्या बाजूला महाल, आणि मधल्या गल्ल्यांमध्ये साड्यांची, धोतरांची, चादरींची, सुटाच्या कापडाची दुकानं. ठोक व्यापारी इथलेच. उमरेड, कुही, मौदा, रामटेक, काटोल, अगदी भंडाऱ्याकडून लोक इथं लग्नाचा बस्ता बांधायला येतात. आमचं फॉल-पिकोचं आणि ब्लाउज-परकर शिवायचं काम याच बाजारावर चालतं. त्यामुळे बस्ते बांधताना लोक काय बोलतात, ते आमच्या कानावर रोज पडतं.

बस्त्याला माणसं दोन-चार येत नाहीत. नवरीकडचे सात-आठ, नवरदेवाकडचे सात-आठ. मामा, मावशी, आत्या, थोरली जाऊ, सगळे. दुकानात पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचं, पाणी येतं, चहा येतो, आणि समोर साड्यांचे ढीग पडू लागतात. आधी नवरीचा शालू. मग सासूची साडी, आत्याबाईची साडी, मामीची साडी, या मानाच्या. आणि शेवटी आहेरात द्यायच्या, गठ्ठ्यानं घ्यायच्या साड्या.

तिथं एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आमच्यात याच्या खालची साडी देत नाहीत जी." वाक्य लहान आहे, पण दुकानदाराला ते फार आवडतं. ते कानावर पडलं की तो खालचा गठ्ठा बाजूला सारतो आणि वरचा उघडतो.

आता हिशेब करू. समजा आहेराच्या ६० साड्या घ्यायच्या आहेत. ठरवून आलो होतो त्यापेक्षा एका साडीमागे फक्त १५० रुपये जास्त गेले. ६० गुणिले १५० म्हणजे ९,००० रुपये झाले. हे पैसे घरात नव्हते, म्हणून गटातून उचलले. गटाचं व्याज दरमहा शेकडा २ रुपये धरलं, तर पहिल्याच महिन्याचं व्याज १८० रुपये. एका वाक्याचं हे व्याज. आणि त्या साड्यांचं पुढं काय होतं, ते आपल्याला चांगलंच ठाऊक आहे. आहेराची साडी फारशी कोणी नेसत नाही. घडी न मोडता ती पेटीत जाते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या घरी पोचते. काही साड्या चार-चार घरं हिंडून, घडीवरच विरून जातात. मोठेपणा मिरवायला घेतलेली वस्तू कोणाच्या अंगालाही लागली नाही.

पण बायांनो, एवढं सांगून "बघा, लोक किती बढाईखोर" असं म्हणून आम्ही थांबणार नाही. माणूस बढाई का मारतो, तेही बघायला हवं. बस्त्याच्या गादीवर बसलेल्या मुलीच्या आईला गर्व चढलेला नसतो. ती घाबरलेली असते. पोरीला सासरी कोणी बोलू नये, माहेर कमी लेखलं जाऊ नये, ही तिची भीती. भीती लपवायला माणूस आवाज मोठा करतो.

आणखी एक गोष्ट आहे. श्रीमंताच्या घरचं लग्न साधं झालं, तर लोक म्हणतात, "बघा, एवढं असून किती साधेपणा." गरिबाच्या घरचं लग्न साधं झालं, तर तेच लोक म्हणतात, "ऐपतच नव्हती." म्हणजे साधेपणाचं कौतुकसुद्धा ज्याच्याकडे आहे त्यालाच मिळतं. म्हणून एकट्या बाईला "तू साधं लग्न कर" असा उपदेश करून भागत नाही. तिनं एकटीनं केलं तर टोमणे तिलाच बसतात.

यावर उपाय एकच, आणि तो आपल्या गटांच्या हातात आहे. ठरवायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. गटातल्या दहा-बारा घरांनी किंवा गावातल्या सगळ्या गटांनी मिळून ठरवलं की आमच्याकडे आहेराच्या साड्या द्यायच्या नाहीत आणि घ्यायच्याही नाहीत, तर मग कोणा एकीची मान खाली जात नाही. "ऐपत नाही" असं कोणी म्हणू शकत नाही, कारण तो गावाचा नियम झाला. लग्नपत्रिकेवर "आहेर आणू नये" असं छापणारी घरं आता पुष्कळ आहेत. ही कल्पना काही परकी नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. भटजीशिवाय आणि थोडक्या खर्चात. त्यालाही विरोध झालाच. पण पाठीशी समाज उभा होता, म्हणून ते निभावलं.

मोठेपणाची खोड मोडायची नागपूरची स्वतःची एक रीतही आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं मारबतीची मिरवणूक निघते. सव्वाशेहून जास्त वर्षांची ही परंपरा. काळी मारबत, पिवळी मारबत आणि त्यांच्यासोबत बडगे. त्या वर्षी ज्यानं लोकांना छळलं, ज्यानं नुसत्या थापा मारल्या, त्याचा बडग्या करून भर रस्त्यातून त्याची टर उडवायची, आणि शेवटी सगळं जाळून टाकायचं. त्या दिवशी लहान-मोठा कोणी सुटत नाही. फार चढून बसलेल्याला खाली उतरवायचं शहाणपण आपल्या लोकांकडे पूर्वीपासून आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. बढाईनं आपलं जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त नुकसान खोट्या नम्रपणानं होतं, असं आमचं मत आहे.

कोणी विचारलं, "ताई, तुम्ही काय करता?" तर बाई चटकन म्हणते, "काही नाही जी, घरीच असते." पहाटे उठून पाणी भरलं, भाकरी थापल्या, पोरांचे डबे केले, गुरांचं शेण काढलं, निंदणाला गेली, परत येऊन पुन्हा चूल पेटवली. आणि हे सगळं म्हणजे "काही नाही"! भारत सरकारनं २०१९ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. देशभरातल्या घरांमध्ये जाऊन विचारलं की दिवसाचे २४ तास कुठं कुठं जातात. त्यात दिसलं की घरकाम करणारी बाई बिनपगारी घरकामाला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देते. म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकामाला हात लावणारा पुरुष देतो ९७ मिनिटं. आणि हात लावणारे पुरुषही शंभरात साधारण २६, बाया मात्र ८१. म्हणजे सरकारी कागदावर आता पाच तास मांडले गेले आहेत, पण आपल्या तोंडात अजून "काही नाही"च आहे. जनगणनेत फक्त घरकाम करणाऱ्या बाईची नोंद काम न करणाऱ्यांत होते. निदान तिनं स्वतः तरी ती नोंद तशी करू नये.

हाच नम्रपणा बँकेत नडतो. कर्ज देण्याआधी बँक गटाचं मूल्यांकन करते, म्हणजे गटाला गुण देते. बैठका नियमित होतात का, बचत नियमित आहे का, आपसात कर्ज फिरतं का, परतफेड वेळेवर होते का, वह्या नीट लिहिल्या आहेत का. आपली पंचसूत्रीच ती. साहेबांनी विचारलं, "गट कसा चाललाय?" आणि आपण पदर सावरत म्हणालो, "चाललाय बरा, आपलं थोडंथोडं," तर साहेबांनी गुण कशाला द्यायचे? त्याऐवजी सांगावं, "साहेब, तीन वर्षांत आमची एकही बैठक चुकली नाही. आजवर एवढं कर्ज आपसात फिरवलं, आणि एकही हप्ता थकलेला नाही. ही वही बघा." ही बढाई नाही, माहिती आहे. वही समोर ठेवून बोललेल्या शब्दाला बढाई म्हणत नाहीत.

बाजारातही तेच. बचत गटाच्या स्टॉलवर गिऱ्हाईक विचारतं, "हळद चांगली आहे का?" आपण म्हणतो, "घेऊन बघा ना." बाजूच्या दुकानदाराच्या हळदीत काही विशेष नसतं, पण तो दहा मिनिटं बोलतो आणि विकतो. बोलणाऱ्याची बोरं विकतात, हे आपल्या म्हाताऱ्या सांगून गेल्याच आहेत. खोटं बोलायचं नाही, पण खरं तरी पूर्ण सांगायचं. "हळद आमच्याच शेतातली आहे. उकडून, उन्हात वाळवून, गावातच दळली. वरून रंग घातलेला नाही." एवढं सांगायला कसली लाज?

या गांधीबागेच्या आजूबाजूला, गोळीबार चौक आणि पाचपावलीकडे, कोष्टी विणकरांची जुनी वस्ती. एकेकाळी नागपुरी लुगड्यांचं नाव लांबवर होतं. मग १ जानेवारी १८७७ ला जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गिरणीच्या कापडावर गिरणीचा शिक्का छापलेला असे. कापड कुठंही गेलं तरी ते कोणी बनवलं, हे वाचता येई. हातमागावरच्या लुगड्यावर मात्र विणणाऱ्याचं नाव कुठंच नसे. ताणा लावणारा, मागावर बसणारा, आणि घरात बसून कांड्या भरणारी बाई, सगळे बिननावाचे. लुगडं दुकानात पोचलं की ते व्यापाऱ्याचं होई. कांड्या भरणाऱ्या बाईला तर कामगार म्हणून कोणी मोजलंच नाही. घरच्याच कामात ते गेलं.

आता चित्र थोडं बदललं आहे. अस्सल रेशीम ओळखायला २००४ पासून सिल्क मार्क आहे. हातमागाचं कापड ओळखायला २००६ पासून हँडलूम मार्क आहे. नागपूर-भंडाऱ्याकडची कोशाची करवत काठी साडी, जिच्या काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते, तिला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. नागपूरच्या संत्र्याला ते २०१४ साली मिळालं. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला आणि आपल्या भिवापूरच्या मिरचीलाही ते आहे. मानांकन म्हणजे काय, तर या मातीतल्या लोकांनी मिळवलेलं नाव दुसऱ्या कोणाला वापरता येणार नाही, असं कायद्यानं दिलेलं संरक्षण. आणि ते फुकट मिळत नाही. पीक किती जुनं, माती कशी, पद्धत कोणती, हे सगळं पुराव्यानं मांडावं लागतं. पुराव्यासकट मांडलेला हा गावाचा अभिमानच आहे.

तुमच्या लोणच्याच्या, मसाल्याच्या, पापडाच्या पाकिटावरही कायदाच सांगतो की बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता लिहा, वजन लिहा, तारीख लिहा, किंमत लिहा, अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक लिहा. म्हणजे इथं नाव लपवणं हा नम्रपणा नाही. तो नियम मोडणं झालं. तेव्हा गटाचं नाव कोपऱ्यात बारीक अक्षरात टाकू नका. ठळक लिहा.

मग बढाई कोणती आणि अभिमान कोणता, हे ओळखायचं कसं? गांधीबागेत कापड मोजायला लोखंडी मीटर असतो. तसं मोजमाप आपल्या बोलण्यालाही लावता येतं. तोंडातून शब्द निघण्याआधी तीन प्रश्न मनात विचारायचे.

पहिला प्रश्न, हे तपासता येईल का? "आमच्या पापडासारखा पापड अख्ख्या जिल्ह्यात नाही," हे तपासता येत नाही. "आम्ही महिन्याला ४० किलो पापड करतो आणि आजवर एकही पाकीट परत आलं नाही," हे तपासता येतं.

दुसरा प्रश्न, यात ज्यांचा हात आहे त्यांची नावं मी घेते आहे का? एकटीनं सगळं केल्याचा आव आणला की ती बढाई झाली. "पीठ आमच्या सचिव ताईंनी मळलं, वाळवण म्हाताऱ्या आजींनी राखलं, विक्री मी केली," असं म्हटलं की आपलंही नाव राहतं आणि त्यांचंही.

तिसरा प्रश्न, यामुळे कोणाची मान खाली जाते का? "माझ्या पोरानं अभ्यास करून पहिला वर्ग मिळवला," यात आनंद आहे. "माझ्या पोरानं मिळवला, तुमच्यानं का नाही?" यात दुसऱ्याच्या पोराला चटका आहे.

या तिसऱ्या प्रश्नाची एक खरी हकिकत नागपूरच्या इतिहासात आहे. उमरेडला जन्मलेल्या जाईबाई चौधरी यांनी पोटासाठी डोक्यावरून ओझी वाहिली. पुढे शिकल्या, आणि १९२० च्या दशकात त्यांनी नागपुरात दलित मुलींसाठी शाळा चालवली. १९३७ साली नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन भरलं. तिथं जमलेल्या बाया शिकलेल्या, प्रतिष्ठित. पण जेवणाच्या वेळी जाईबाई आणि त्यांच्यासारख्या दलित बायकांना वेगळं बसवण्यात आलं. एका बाजूला जातीचा गर्व होता, आणि त्यासमोर या बायकांचा स्वाभिमान. त्यांनी तो अपमान मुकाट्यानं गिळला नाही, जाहीर निषेध केला. तिथं "जाऊ द्या, आपण लहान माणसं" म्हणणं हा नम्रपणा ठरला नसता.

त्यानंतर पाचच वर्षांनी, २० जुलै १९४२ ला, याच नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद झाली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार बाया जमल्या होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्याशी बोलले. स्वच्छ राहा, मुलामुलींना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, असं त्यांनी सांगितलं. आणि मुलांच्या मनातला कमीपणा काढून टाका, आपण मोठे होऊ शकतो हे त्यांच्या मनावर बिंबवा, असंही सांगितलं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या "तुम्ही खालचे" असं ऐकवलं गेलं, त्यांना नम्रपणाचे धडे द्यायची गरज नसते. त्यांना मान वर करायला बळ लागतं.

ही गोष्ट आपल्या घरातल्या पोरींनाही लागू पडते. पोराचं कौतुक आपण चारचौघांत करतो. पोरीचं केलं तर "दृष्ट लागेल" किंवा "डोक्यावर बसेल" म्हणून गप्प बसतो. पोरगी स्वतः म्हणाली, "आई, माझं चित्र छान आलं," तर आपण म्हणतो, "स्वतःच्या तोंडानं सांगू नये." मग तीच पोरगी उद्या नोकरीच्या मुलाखतीत, ग्रामसभेत, बँकेत तोंड उघडत नाही. तिला असं सांगावं, "छान आलं. कसं काढलंस, ते सांग." कसं केलं ते सांगता आलं की त्यात बढाई उरत नाही, कामाची ओळख होते.

आणि आपलं स्वतःचं? कोणी म्हणालं, "वहिनी, भाजी फक्कड झाली," तर आपण लगेच म्हणतो, "कुठं हो, मीठ कमीच पडलं." समोरच्यानं मनापासून दिलेली गोष्ट आपण परत करतो. त्यापेक्षा म्हणावं, "आवडली ना? बरं वाटलं. मसाला आज ताजा वाटला होता." एवढं पुरे.

आता पुढच्या बैठकीसाठी एक काम. बचत जमा झाली, वही लिहून झाली, की प्रत्येकीनं दोन वाक्यं बोलायची. पहिल्या वाक्यात या महिन्यात मी काय केलं, ते आकड्यासह सांगायचं. दुसऱ्या वाक्यात त्यात मला कोणाची मदत झाली, ते नाव घेऊन सांगायचं. कोणीही "काही नाही जी" म्हणायचं नाही. म्हटलंच, तर बाजूच्या बाईनं तिचं काम सांगायचं. सचिव ताईंनी ते वहीत लिहून ठेवायचं. वर्षभरानं ती वही उघडाल, तेव्हा बँकेला दाखवायला आणि आपल्या लेकीसुनांना वाचून दाखवायला तुमच्याकडे तुमच्याच हातचा पुरावा असेल.

आणि जिच्या घरी यंदा लग्न आहे, तिच्यासाठी एक विनंती. बस्त्याला निघण्याआधी आकडा कागदावर लिहा, तो गटाला दाखवा, आणि सोबत अशी एक मैत्रीण आणा जी गादीवर बसल्यावर तुमच्या कानात तोच आकडा पुन्हा सांगेल. गांधीबागेत साड्या पुष्कळ आहेत. तुमच्या आकड्यात बसणारी चांगली साडी इथं नक्की मिळते.